वीस फूट बांध

बाबा, मी माझ्या हाताने काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं पडेल. रोह्याच्या घरातलं तिरपं आखणीचं टेबल, फणसाच्या लाकडाचं, एकही खिळा न मारता. धाटावच्या कंपनीतले पाइपलाइनीचे नकाशे, अकरा वर्षं, आधी शाईने आणि पुढे कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही, शिफ्ट सुटल्यावर बसून शिकलो. जुन्या मोजणीच्या कागदांवर बेरीज चुकली असेल तर लाल करून दाखवणारा एक प्रोग्राम. आता हा जुळणीचा तक्ता, दोनशे बारा ओळींचा. आणि या सगळ्याच्या सुरुवातीला, बाविसाव्या वर्षी, आपल्या खारीच्या, खाडीलगतच्या भातजमिनीच्या, बांधाचा नकाशा. तो या यादीतून गाळावा असं बरीच वर्षं वाटत होतं.

तक्ता कसला, ते सांगतो. जगभरच्या जमिनींच्या नोंदी एका साच्यात बसाव्यात म्हणून बाहेरच्या जाणकारांनी एक नमुना ठरवलाय. माणूस, जमिनीचा तुकडा आणि दोघांमधलं नातं. नात्याचे प्रकार तीन: हक्क, बंधन आणि जबाबदारी. हा नमुना आपल्या देशाच्या पद्धतीला बसवायचं काम चाललंय आणि चाचणीला पेण आणि रोहा हे तालुके घेतलेत. सातबाऱ्यावरची कुठली नोंद नमुन्याच्या कुठल्या खणात जाईल, हे ओळीने लिहायचं काम कंत्राटदार कंपनीने मला दिलं. टीममधले बाकी सगळे डिग्रीवाले. सातबारा मात्र माझ्याइतका त्यांना वाचता येत नाही, हे मी बोलून दाखवतो, आणि ते त्यांना आवडत नाही.

सोमवारी बैठकीत टीमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की जबाबदारीचा खण काढून टाकू, सातबाऱ्यावर त्याच्या जोडीला काहीच येत नाही, सगळीकडे रिकामा राहतोय. मी म्हटलं, रिकामा नाही, आमच्या पेणच्या खारेपाटात तो भरलेला आहे, फक्त कागदावर नाही. आणि मी त्यांना तुमची वाव, पसरलेल्या दोन हातांइतकं बांधाचं माप, समजावून सांगितली. ज्याची जितकी खार, तितक्या वाव बांध त्याच्या अंगावर. त्याच्या वावेत खांड पडली, खाडीचं पाणी आत यायला लागलं, की चिखल त्यानेच टाकायचा. जमीन विकली की वाव जमिनीबरोबर जाते. आता धरमतरच्या बाजूला बाहेरचे लोक खारी विकत घेतायत. सातबारा घेतात, वाव घेत नाहीत, कारण ती त्यावर लिहिलेलीच नसते. एकाने चिखल टाकला नाही की पाणी सगळ्यांच्या भातात.

"काका, तुमच्या गावच्या एका बांधासाठी देशाचा नमुना बदलायचा का?" मॅडमनी विचारलं. पोरं हसली.

"खण नमुन्यात आहे, मॅडम. बदलताय तुम्ही."

त्या वाईट नाहीत बाबा, कामाच्या आहेत. म्हणाल्या, शुक्रवारी चारला तक्ता बंद होणार. नोंद नसल्यामुळे किंवा चुकीची नोंद झाल्यामुळे खरोखर नुकसान झाल्याचं एक उदाहरण द्या, जागा, मापं, कारण, सही. ऐकीव गोष्ट चालणार नाही.

उदाहरण माझ्याजवळ होतं. तुम्हाला ठाऊकच आहे कोणतं.

तुमचे गुडघे धरले होते त्या वर्षी. दर वैशाखात तुम्ही उघाडीपासून, पाणी सोडायच्या दारापासून, सुरुवात करून आजोबांच्या बांबूच्या काठीने बांध मोजायचात, एक काठी म्हणजे एक वाव, आणि सोळा वाटेकऱ्यांच्या हद्दीचे खुंट ठोकायचात. दरवर्षी भांडणं. मी धाटावला नुकता लागलेला, अंगात नकाशे भरलेले. म्हटलं, कायमचा कागद करून देतो. हमरापूरच्या कारखान्यातून मूर्तींचे डोळे आखायचा बारीक ब्रश मागून आणला, प्रत्येकाच्या वाटणीला वेगळा रंग दिला. वाव म्हणजे सहा फूट, हे मी पुस्तकात वाचलं होतं. एकशेवीस वाव, सातशेवीस फूट. तुम्ही ओटीवर बसून बघताय, काठी मांडीवर आडवी. "काठी लाव की एकदा," म्हणताय. मी म्हणतो, "बाबा, आता काठीचे दिवस गेले." लोकांना रंग आवडले. त्या वर्षी खुंट माझ्या टेपाने ठोकले गेले आणि तुम्ही काठी माळ्यावर टाकलीत.

भादव्याच्या उधाणात बांध गेला. शेवटच्या खुंटाच्या पुढे गेला. शेवटचा वाटेकरी म्हणाला, "माजा कागदावर हितवर हाय, पुढचा कोनाचा ता मना काय म्हाईत." पुढचा कोणाचाच नव्हता. त्या वर्षी तिथे कोणी मूठभर चिखल टाकला नव्हता. तुम्ही मला कमरेइतक्या पाण्यात उभं करून काठी हातात दिलीत, आणि मी त्या तुकड्याला ती लावली. तुम्ही हलक्या आवाजात बोललात, कारण वर लोक उभे होते. "तुजा कागद साफ हाय. तू काठीला इचारलंस नाय." एवढंच. मग बांधावर चढून लोकांना म्हणालात, "खेकड्यांनी पोखरलान." तीन वर्षं आपल्या खारीत भात झालं नाही, आणि गाव खेकड्यांना शिव्या देत राहिलं.

बुधवारी मी गावाला गेलो. चुलत वहिनी अंगणात होती. काठी आहे का, विचारलं.

"ती? तिच्यावर गोधड्या वालत घातल्यात. का वो भावजी, सोन्याची हाय काय?"

"मोजायची आहे."

"जल्मभर मोजताव, अजून पुरा नाय झाला?"

गोधड्या उतरवल्या, काठी जोत्यावर ठेवली, स्टीलची टेप लावली. एकदा, मग उलट्या बाजूने. एक हजार आठशे ऐंशी मिलिमीटर. सहा फूट दोन इंच. आजोबा उंच होते, काठी त्यांनी स्वतःच्या पसरलेल्या हातांवर कापली होती, हे मला लहानपणापासून माहीत होतं. वावेमागे दोन इंच, एकशेवीस वावांचे दोनशे चाळीस इंच. वीस फूट. इतकं सोपं गणित, आणि पहिल्या दिवशी टेप घेऊन बांधावरून एकदा चाललो असतो तरी कळलं असतं. मी बांध मोजलाच नव्हता, यादी मोजली होती.

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्या बाबांनी खेकडं सांगितलान, आनि आमचा सासरा हसाचा. बोलाचा, खेकडं नवं पँट घालून धाटावला जातंय." म्हणजे निदान एका घराला माहीत होतं, बाबा. तरी कोणी मला तोंडावर बोललं नाही. तुमच्यासाठीच बोलले नसावेत.

गुरुवारी टिपण लिहिलं. आधी लिहिलं, 'एका नकाशात मापाची चूक झाली'. वाचलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी लाल केलं असतं. मग लिहिलं, 'मी काढलेल्या नकाशात मी वाव सहा फूट धरली, गावची काठी न मोजता'. खाली मागणी लिहिली: जबाबदारीचा खण ठेवावा, माप वावेतच नोंदवावं आणि शेजारी त्या गावच्या काठीची लांबी मिलिमीटरमध्ये द्यावी. सही केली, कागद ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि दिवसभर दुसऱ्या ओळी तपासत बसलो.

शुक्रवारी साडेतीनला कंत्राटदार कंपनीच्या मॅनेजरचा फोन, टेबलावरचं टिपण कोणीतरी त्याला वाचून दाखवलं होतं. त्यांचं सॉफ्टवेअर त्या खणाशिवाय तयार झालं होतं. "तुमचीच चूक तुम्ही सरकारी कागदात कशाला लिहिताय? उद्या लोक म्हणतील, ज्याला बांध मोजता आला नाही तो तक्ता करतोय." हे त्याने बरोबर जागी मारलं. मग म्हणाला, टिपण पाठवू नका, आणि पुढचं सगळ्या कोकणाचं काम तुमच्या हाताखाली. भिंतीवर चार वाजायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, नको, आणि टिपण पाठवलं. पाच वाजता मॅडमचं उत्तर आलं, एका ओळीचं: 'जबाबदारीची ओळ, क्रमांक एकशेसत्याऐंशी, ठेवली, चाचणीपुरती, फक्त पेण.' पुढे ती राहील की जाईल, मला ठाऊक नाही.

तुम्ही माझ्यासाठी झाकलंत ते मी उघडं केलं, आणि त्यात तुम्हीही खोटं बोललात हे आलंच. त्याबद्दल तुमची परवानगी विचारायला बसलो होतो. तुम्ही तर गेलात, विचारणार कोणाला? हे पत्र रोह्याच्या टेबलाच्या खणात राहील, नकाशाच्या घडीत. एक गोष्ट मात्र वहिनीला सांगितली नाही, मॅडमना नाही, घरीही नाही. नको म्हणण्याआधी मी मॅनेजरला आकडा पुन्हा सांगायला लावला होता, नीट ऐकू आला असूनही. मुख्य सल्लागार, दोन वर्षं, महिन्याला एक लाख चाळीस हजार.