मळ्याचा उत्तर भाग

मी, युफ्रोनस, वय अदमासे एकाहत्तर, जन्माने गुलाम, पुढे मुक्त झालेला, आणि गेली नऊ वर्षे रोम शहरातील ख्रिस्ती मंडळीचा बिशप, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

एक. माझा लोकरी झगा क्रेस्टेबाईंना द्यावा. इतकी वर्षे त्यांनी मला जेवू घातले आणि रोज ऐकवले, "बाबा, उपास लोकांना सांगा. तुम्ही आधी ही मसूर संपवा." झगा उसवून नातवंडांना कपडे करावेत, आठवण म्हणून पेटीत ठेवू नये.

दोन. माझ्या खुर्चीवरची उशी वडीलमंडळातील नोव्हेलस यांना. माझी निवड झाली तेव्हा ते भर सभेत म्हणाले होते, "कपाळावर खाणीतल्या कैद्याची डागणी असलेला माणूस आम्हाला आशीर्वाद देणार?" तो राग मी गिळला, पण अजून पुरता जिरलेला नाही. चुकलेल्या माणसाला पुन्हा पंक्तीत घ्यावे की नाही, यावर ते तासन्‌तास उभे राहून बोलतात. आता त्यांनी बसावे आणि थोडे ऐकावे.

तीन. आप्पियन रस्त्यावरचा द्राक्षमळा. मंडळीला स्वतःच्या नावाने जमीन घेता येत नाही, म्हणून तो माझ्या नावावर आहे. मळ्याखाली भुयारात आमच्या गरिबांची थडगी आहेत आणि खाली उतरायचा एकमेव जिना उत्तर भागात आहे. मला मूलबाळ नाही. अशा मुक्त गुलामाच्या निम्म्या मालमत्तेवर जुन्या मालकाचा हक्क असतो. माझे मालक व्हेटियस प्रिस्कस गेल्या हिवाळ्यात वारले, तेव्हा हक्क त्यांचा मुलगा मार्सेलस याच्याकडे आला. तो आपला हिस्सा विकणार असे ऐकतो. नव्या मालकाने जिना बुजवला, तर आयांना लेकरांच्या थडग्याशी दिवा लावता येणार नाही.

थडगी खणणारा झोसिमस म्हणाला, "बाबा, त्याला दक्षिणेकडचा खडकाळ तुकडा द्या आणि मोकळे व्हा!" पण दक्षिण भाग मंडळीसाठी झोसिमसच्या नावे करतो. उत्तर भाग, जिन्यासकट, मार्सेलसला.

मार्सेलस, लहानपणी तुला खांद्यावर फिरवले आहे, म्हणून अरेतुरे करतो. मी रविवारी ख्रिस्ती सभेला गेलो, तेवढ्यावरून तुझ्या वडिलांनी मला सार्डिनियाच्या खाणीत धाडले. तुझ्या आईने, सबिनाबाईंनी, चार वर्षे त्यांची पाठ धरून मला परत आणवले, मुक्त करवले. पुढे त्यांना सभेची वाट मीच दाखवली. ते कळताच तुझ्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले आणि तुला सांगितले की आई आफ्रिकेत वारली. त्या वारल्या नव्हत्या. टायबर नदीपलीकडे लोकांचे कपडे धूत आठ वर्षे जगल्या. तू चौकातून जायचास तेव्हा खांबाआड उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बारीक झालाय हो माझा मार्सेलस. नीट जेवत नसणार."

मी विचारले, "सांगू का त्याला?"

"त्याचा बाप आहे तोवर नको. त्यालाही घराबाहेर काढतील. शपथ घ्या."

शपथ घेतली आणि पाळली. तुझी आई तुझ्यापासून माझ्यामुळे दुरावली. तुझे वडील गेल्यापासून तीनदा तुझ्या दारापर्यंत आलो, धीर झाला नाही. मला क्षमा कर.

जिना उतरून डावीकडे तिसरी ओळ, खालचा कोनाडा. मी माझ्या हातांनी त्यांना तिथे ठेवले. हिस्सा तुझा आहे, विकायचा तर वीक, कोणी अडवणार नाही. पण त्याआधी एकदा खाली उतर. झोसिमस दिवा धरेल.

चार. सबिनाबाईंशेजारचा कोनाडा बिशप म्हणून माझ्यासाठी खोदलेला आहे. मला तिथे ठेवू नये, इतर गरिबांत कुठेही चालेल. ती जागा मार्सेलससाठी राखावी. तो कधीच आला नाही, तरी तिथे दुसऱ्या कोणाला ठेवू नये.

युफ्रोनस (सही व मोहोर)

समक्ष मोहोर करणारे सात साक्षीदार: अप्रोनियस, लॅम्पाडियस, दोनॅटस, व्हायटालिस, प्रोकुलस, ट्रोफिमस, दामास.

रोम, टायबरपलीकडची वस्ती. ऑक्टोबर महिन्याचा तिसरा दिवस, विद्यमान सम्राटांच्या कारकिर्दीचे चौथे वर्ष.