अकरावी हरकत

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. मागच्या पत्रात एकत्र केला तेव्हा तू कळवलंस की डावा बरा आहे आणि उजव्याच्या बरोबरीने त्याचे लाड करायची गरज नाही. रक्तदाब काय म्हणतो? जिना चढणं खरंच बंद केलं आहेस, की फक्त डॉक्टरांपुरतं? आम्ही इकडे सुखरूप आहोत. बायकोचं काम जोरात चाललं आहे (लोकांचे खांदे आखडत आहेत तोवर फिजिओथेरपिस्टच्या घराला काळजी नाही). माझं म्हणशील, तर ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे. ईमेल केला असता, पण विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तू कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावण्यापलीकडे काही करत नाहीस हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. तेव्हा कागदच बरा.

तर मी सध्या एक पॅकेज तयार करतो आहे. यावर तू आधी विचारणार की मधमाश्यांचं काय झालं. मधमाश्या गेल्या. कुठे गेल्या ते शेजाऱ्यांना माहीत आहे आणि ते सांगत नाहीत, नुसते बघतात. व्हायोलिन कपाटावर आहे, सुखी आहे. ‘आरंभशूर’ ही पदवी मला तूच दिलीस, आणि घरच्यांनी ती इतकी मनावर घेतली की माझ्या सासऱ्यांना माझी ओळख करून देताना बाबांच्या तोंडून नाव निघायच्या आधी तीच निघाली. बायको पूर्वी माझ्या खोलीत डोकावून ‘झालं का?’ असं विचारायची. हल्ली ‘सोडलंस का?’ असं विचारते. आणि तेही मायेने विचारते, आत्या. रागावून विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो. म्हणून हे एक काम काहीही करून शेवटाला न्यायचं असं मी ठरवलं आहे. पण येत्या शुक्रवारी दार बंद होतंय आणि माझं पॅकेज अजून उंबऱ्याबाहेर आहे.

कसलं दार, ते सांगतो. तुला यातलं काही कळायचं कारण नाही, म्हणून अगदी सोपं करून सांगतो. कॉम्प्युटरचा जो मूळ कारभार असतो, ज्याच्या जिवावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अशी एक सिस्टिम जगभरची माणसं निव्वळ हौसेने, फुकटात चालवतात. त्यांचा बाणा एकच, सगळं उघड. कुणीही यावं, कोड वाचावा, हवा तो बदल करावा. बाहेर कुणी चांगला प्रोग्रॅम लिहिला की तो या घरात आणायला कुणीतरी नीट बांधून द्यावा लागतो. कुणी लिहिला, कुणाची परवानगी आहे, सोबत काय काय लागतं, लावायचा कसा, काढायचा कसा, हे सगळं त्याच्यासोबत बांधायचं. त्या बांधलेल्याला पॅकेज म्हणतात. सिस्टिमची नवी आवृत्ती निघायच्या आधी एक दिवस ठरतो, त्यानंतर नवीन पॅकेज आत घेत नाहीत. पुढची आवृत्ती दोन वर्षांनी. दोन वर्षांत मी काय काय सुरू करीन याची बायकोला धास्ती आहे.

आता मी कोणता प्रोग्रॅम निवडला ते ऐक. हा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमवर चालवायचा. तो दोन कामं करतो. एक, कोडमधल्या ज्या भागाला कुणीच बोलावत नाही तो भाग काढून टाकतो, म्हणजे प्रोग्रॅम बारीक होतो. दोन, उरलेल्या सगळ्या भागांची नावं बदलून क, ख, ग अशी करून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणी उघडून पाहिलं तरी त्याला ओ की ठो कळू नये. थोडक्यात, जिथे सगळं उघडं ठेवायची शपथ आहे त्याच घरात मी झाकायचं हत्यार घेऊन निघालो आहे. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. (बायकोने सांगितलं होतं. मी तेव्हा उत्साहात होतो.)

पॅकेज बांधण्याआधी हत्यार चालवून बघावं, म्हणून मी ते आमच्या इमारतीच्या पंपावर चालवलं. पंपावर म्हणजे पंपाच्या प्रोग्रॅमवर. दोन वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता. टाकी रिकामी झाली की पंप सुरू, भरली की बंद, एवढंच त्याचं काम. हत्यार चालवल्यावर तो निम्म्याहून बारीक झाला. मी बायकोला बोलावून दाखवला, तिने ‘छान’ म्हटलं (ती व्हायोलिनलाही ‘छान’च म्हणाली होती). झालं होतं असं, की पंप बंद करणाऱ्या भागाला प्रोग्रॅमच्या आतून कुणीच बोलावत नाही. टाकीतला तरंगता गोळा वर आला की तो बाहेरून बोलावतो. हत्याराला बाहेरचं जग माहीत नसतं, त्याला आपण लिहून द्यावं लागतं की बाबा रे, हा भाग बिनकामाचा दिसला तरी राहू दे. मी लिहून दिलं नव्हतं. त्यामुळे पंप सुरू झाला तो झालाच. पाणी गच्चीवरून जिन्यात उतरलं, दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांची पायपुसणी सोबत घेतली आणि तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात शिरलं. मी वर कोड उघडून बसलो होतो, तर सगळी नावं क, ख, ग. माझाच प्रोग्रॅम, मीच लिहिलेला, आणि मी त्याच्याकडे परक्या पाहुण्यासारखा बघत होतो. शेवटी धावत जाऊन पंपाची वायरच उपसली. शिंपी कापडाचे तागे खुर्च्यांवर वाळत घालत होता. मला म्हणाला, “साहेब, तुमचं ते कमी करायचं यंत्र आहे ना, ते जरा पाण्याला लावून बघा.” मी त्याच्याकडे दोन शर्ट शिवायला टाकले आहेत. गरज नव्हती, पण तोंड दाखवायला काहीतरी कारण हवं.

हे झालं घरचं. खरा ताप पुढेच आहे. नवख्याला आपलं पॅकेज आपल्या हाताने आत ठेवता येत नाही. जुना सभासद ते तपासतो, हरकती काढतो, आणि त्याचं समाधान झालं तरच दार उघडतो. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात. माझ्या वाट्याला जो सभासद आला त्याने स्वतःचं नाव ‘अडसर’ असं ठेवलं आहे. यावरून ओळख. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याचं नाव निघालं की गटातली मोठी मोठी माणसं विषय बदलतात. त्याची पद्धत अशी की हरकती लहानापासून मोठ्याकडे लावायच्या. पहिली इतकी किरकोळ, की आपण हसतो आणि म्हणतो, एवढंच? तिसरीला हसू जातं, सहावीला घाम फुटतो, आणि शेवटची अशी असते की केलेलं सगळं उसवायला लागावं. पहिल्या खेपेला मी पॅकेजसोबत हत्याराचं वर्णन दिलं होतं, चांगलं पानभर, त्यात हत्याराबद्दल मला काय वाटतं तेही आलं होतं. अडसर म्हणाला, एका ओळीत सांगा. मी काळजावर दगड ठेवून दोन ओळी केल्या. तो म्हणाला, एका म्हणजे एका.

मग म्हणाला, या कोडमधला एक तुकडा तिसऱ्याच माणसाचा आहे, त्याची लेखी परवानगी आणा. तो माणूस शोधता शोधता माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कॉम्प्युटरचं काम सोडून तो आता बदकं पाळतो. मी विनवण्या केल्या, बदकांची चौकशी केली, बदकांना होणाऱ्या रोगांवर वाचन केलं (एवढ्यात पाळायचा विचार नाही, काळजी करू नकोस), तेव्हा कुठे त्याने एका ओळीत ‘हरकत नाही’ असं कळवलं आणि सोबत एका लंगड्या बदकाचा फोटो पाठवला. मग अडसर म्हणाला, हे हत्यार कोडपासून नव्याने बनवून दाखवा, तयार आणलेलं चालणार नाही. बनवायला गेलो तर ते बनवायलाच ते लागतं! स्वतःला शेवटचा हात ते स्वतःच फिरवतं. म्हणजे आधीची आवृत्ती हवी, तिच्यासाठी त्याच्याही आधीची, असा मी मागे मागे जात थेट त्याच्या मूळ पुरुषापर्यंत पोचलो, तेव्हा कुठे एक अशी सापडली जी बिचारी कुणाच्या मदतीशिवाय बनत होती. तिथून एकेक करत पुढे आलो. हे मी सोडलं नाही, आत्या. दहा हरकती मी एकेक करून मिटवल्या.

राहिली अकरावी. पॅकेज नको झालं म्हणून कुणी काढून टाकलं, तर मागे कचरा राहू नये यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती हत्याराच्या सेटिंगचं अख्खं फोल्डर पुसून टाकते. अडसरचं म्हणणं, त्यात वापरणाऱ्याने स्वतःचं काही ठेवलं असेल तर तेही जाईल, जाताना फक्त आपण आणलेलं उचला. मी लिहिलं, तिथे स्वतःचं सामान कोण ठेवणार? त्याने एका शब्दात उत्तर दिलं, ‘लोक.’ यावरून पंधरा दिवस आमची जुंपली आहे. माणूस हुशार आहे, पण खडूस, कुजकट आणि हटवादी. याच्याकडे कुणी आपण होऊन पाहुणा म्हणून जात नसणार. बदल करायला फार वेळ लागणार नाही, पण मीही हट्टाला पेटलो आहे. कुठेतरी माणसाने ठाम उभं राहायला नको का?

असो. तुला या सगळ्याचा कंटाळा आला असेल. जप स्वतःला, औषधं वेळेवर घे, आणि माझ्यासाठी चार चांगले शब्द मनात आण.

तुझा भाचा,
आरंभशूर

ता. क. तुझ्या गुडघ्यांसाठी बायकोने व्यायामाची चित्रं काढली आहेत, कॉम्प्युटरवर, प्रत्येक स्नायू वेगळा दाखवून. याच पाकिटात घालतो. रोज करायचे, ‘करते की’ असं म्हणायचं नाही.

आणखी ता. क. मागच्या रविवारी मी अडसरला अकराव्या हरकतीवर चार पानी उत्तर ठोकलं. त्यावर त्याचा नेहमीसारखा कोरडा जबाब आला, आणि इतके महिने मला अहोजाहो करणाऱ्या त्या गृहस्थाने शेवटी लिहिलं, ‘आधी जेवून घे. उपाशीपोटी तू नेहमीच भांडतोस.’ आत्या, ते वाक्य वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. असं मला जगात एकच बाई सांगते. मग हरकतींची सगळी यादी नव्या डोळ्यांनी वाचली. लहानापासून मोठ्याकडे, शेवटी हातोडा. प्रगतिपुस्तक दाखवायला तुझ्याकडे यायचो तेव्हा तू असंच करायचीस. नाव बदललंस, पण बोलण्याची घडण कशी बदलशील? पत्त्यांचा डाव म्हणे! वर तुला ऑपरेटिंग सिस्टिम काय असते ते मुद्दाम समजावून सांगितलं आहे, चरफडत वाचलं असशील अशी आशा आहे. अडसरबद्दल जे लिहिलं ते पूर्ण शुद्धीत लिहिलं, त्यातला ‘कुजकट’ तेवढा मागे घेतो. आणि खरं सांगू? आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग फार बरं वाटलं. इतके महिने माझी एकेक ओळ कुणीतरी मन लावून वाचत होतं. माझं एवढं आजवर कुणी वाचलं नाही.

शेवटचा ता. क. म्हणून काही मी अकरावी हरकत मान्य करणार नाही. आत्या असलीस तरी तू चुकते आहेस. आत्ता बायकोच्या कॉम्प्युटरवर पॅकेज लावून, काढून, कोणाचं काहीही जात नाही हे सिद्ध करतो आणि मगच पाकीट बंद करतो.

त्यानंतरचा ता. क. सोबत चित्रं नाहीत. परवा या चाचणीसाठीच मी तिच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर बनवून ठेवलं होतं. ‘चित्रं कुठे ठेवू?’ असं तिने विचारलं तेव्हा मी मान वर न करता ‘ठेव कुठेही’ म्हणालो होतो, आणि तिने समोर दिसलं त्यात ठेवली. तुझे गुडघे गेले, शिवाय आणखी बऱ्याच लोकांचे खांदे आणि एक मान गेली. शांतपणे कपाट उघडून तिने एक पेन ड्राइव्ह काढला. माझ्याशी लग्न झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीची एक प्रत माझ्यापासून लांब ठेवते, हे मला आज कळलं. चित्रं सावकाश पाठवते म्हणाली. मग दारात उभी राहून तिने तेच विचारलं, सोडलंस का? मी नाही म्हणालो. स्क्रिप्ट बदलली आहे, आता ती फक्त आपण आणलेलंच उचलते. तीनदा लावून, काढून बघितलं, आणि तुझ्याकडे पाठवली आहे. शुक्रवारच्या आत बघ, पण बघताना आत्या होऊ नकोस, अडसरच राहा. दार बंद झालं तर दोन वर्षांनी हेच पॅकेज घेऊन परत येईन. आणि बारावी हरकत निघाली, तर खुशाल लिही.