नाडीचे बूट

बुधवार, १२ मार्च, सकाळी साडेदहा
वसतिगृहातल्या धुण्याच्या मशिनसमोर, कपडे पिळून निघायची वाट बघत

प्रिय ताई,

नमस्कार. मी खुशाल आहे. खोकला गेला, मफलर अजून हरवलेला नाही. तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देतो, आधी इथली हकिकत.

मानसशास्त्राचा इतिहास बाई आम्हाला गावोगाव हिंडवून शिकवत आहेत. संध्याकाळच्या वर्गातले आम्ही आठ जण. बाकीचे पदवीधर, मी एकटा बारावी, म्हणून दिसेल ते पाठ करत सुटलेला. परवा एका संग्रहालयात चिनी मातीचं डोकं पाहिलं. त्यावर रेघा मारून कप्पे पाडलेले: इथे माया, इथे चोरी, इथे भ्रम. पूर्वी कवटीवरचे उंचवटे चाचपून माणूस ओळखायचे म्हणे. परत आल्यावर मी न्हाणीघराचं दार लावून स्वतःचं डोकं चाचपलं. डाव्या कानामागे टेंगूळ आहे. दादालाही तिथेच आहे ना? की माझं ते तू मला झोक्यावरून पाडलंस तेव्हाचं? नीट आठवून कळव.

पुढच्या गावी कळलं की मनाच्या आजाराचा दोष रक्तात असतो. त्याच्या पुढच्या गावी, आईच्या वागण्यात. (हे आईला वाचून दाखवू नकोस.) प्रत्येक ठिकाणच्या जुन्या डॉक्टरांची अगदी पक्की खात्री, आणि पुढच्या गावात ती खोटी ठरलेली. मी बाईंना विचारलं, "मग खरं कुठल्या गावात?"

"परतीची तिकिटं काढलीयत, पाठांतरमास्तर. तोवर गोंधळलेले राहा."

सगळे हसले, मीही हसलो. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच. दादा आजारी पडला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात मला सव्वीस पूर्ण होतात.

एका जुन्या प्रयोगशाळेत बाईंनी आमच्यावर खेळ करून पाहिला. त्या शब्द उच्चारणार, आपण पहिला सुचेल तो शब्द सांगायचा, आणि घड्याळ उशीर मोजणार. "पाणी." "पेला." "दार." "कडी." "भाऊ." मला काहीच सुचेना. घड्याळ टिकटिकत राहिलं. शेवटी मागचा बुटका ओरडला, "अरे, बहीण तरी म्हण!"

काल एक जुनं मनोरुग्णालय पाहिलं. अर्ध्या इमारतीत संग्रहालय, अर्ध्यात अजून रुग्णालय. मी प्रत्येक पाटी वाचत गेलो आणि तरीही चुकीच्या अर्ध्यात शिरलो. बाकावर दादाच्या वयाचा एक माणूस बसला होता. नुसतं उभं राहणं उद्धट दिसेल म्हणून मी शेजारी टेकलो. एक परिचारिका हातातल्या कागदांवरून नजर न उचलता म्हणाली, "भाऊ ना? बरं झालं आलात. याच्याकडे कुणी येत नाही."

मी म्हणालो, "हो."

ताई, क्षणाचाही उशीर झाला नाही. खोटं का बोललो, मला अजून कळत नाही.

तो माणूस माझ्या बुटांकडे बघत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, तिथे कुणाला ठेवू देत नाहीत. माझी एक नाडी सुटली होती. तो वाकला, ती घट्ट बांधली, वर आणखी एक गाठ मारली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. शाळेत सोडताना दादा थोपटायचा, अगदी तसं. निघताना मी परिचारिकेला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग काय झालं? उद्याही या."

आता तुझ्या पत्राचं. डॉक्टर दादाला मनोरुग्णालयातून घरी सोडायला तयार आहेत, आणि महिनाअखेरीपर्यंत त्यांना कळवायचंय. तू पुन्हा विचारलंस, "तुझ्या खोलीत त्याची खाट टाकू का?" मागच्या दोन पत्रांत मी उत्तर टाळून हवामानाबद्दल लिहिलं. मला दादाची भीती वाटत नाही गं. त्याच्याकडे बघितलं की माझीच भीती वाटते. इतक्या गावांत हिंडलो, पण ती खरी की खोटी हे कुणी सांगितलं नाही.

खाट टाक. खिडकीकडे त्याची, दाराकडे माझी. आतली कडी सुताराकडून काढून घे. नको, राहू दे, मी आल्यावर बघू. नाही, काढच.

त्याच्यासाठी बूट घेतलेत, नाडीचे. माप आठवेना, म्हणून माझंच दिलं.

तुझा आणि त्याचा
धाकटा भाऊ