दुसरं शील दोनदा

बुध., १० सप्टें.
स्वतःच्या हातानं आज पहिल्यांदा लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. तापातला ऑगस्ट कोराच. हे सांगतात, दवाखान्यात मी यांनाच विचारलं, "तुम्ही कोणाचे?" चोवीस वर्षांच्या संसारानंतर!

शुक्र., १२
डॉ.नी समजावलं. विषाणू केव्हाच गेला. त्याच्याशी लढायला निघालेली माझीच प्रतिकारशक्ती मेंदूच्या पेशींवर उलटली. "पेशी मेल्या नाहीत, दबल्यात. वेळ लागेल."
"किती?"
"आत्ताच सांगता येणार नाही."
यावर हे, "म्हंजी चोर पळाला अन् गल्लीनं घरधन्यालाच धुतलं!" डॉ. हसले. मीसुद्धा, किती दिवसांनी.

सोम., १५
उस्मानपुऱ्यातल्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना मी घ्यायची. मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. आता पंचशीलात दुसऱ्या शीलाच्या पुढं अंधार. ते परत आलं नाही तर मी कोण, असं वाटतं. रडले.
हे बिडकीनहून ड्यूटी करून आले की चहाआधी पुस्तिका घेऊन समोर बसतात. जन्मात कधी वंदनेला वेळेवर न आलेला माणूस! मी चुकले की पुस्तिकेत न बघताच, "व्हय, तसंच अस्तंय." गुणाचा आहे बाई माझा नवरा.

रवि., २१
शेजारच्या विमलताई हाताला धरूनच घेऊन गेल्या. "शोभा, आज तूच घे."
"ताई, चुकेन."
"चुकली तर चुकली. आमी हाव ना मागं."
घेतली. सुरळीत झाली असं वाटलं. घरी येताना हे गालात हसत होते. "चोरी न करायचं शील आज दोनदा घेतलं सगळ्यांनी. लई पक्कं झालं."
मेलेच मी! चाळीस माणसं. कोणी खाकरलंसुद्धा नाही, दुसऱ्यांदाही तितक्याच मोठ्यानं म्हणाले. ताईंना विचारलं, टोकलं का नाही? "तू म्हणशील तसं म्हणायचं. इतकंच ठावं आमाला."
या माणसांचे उपकार कुठं ठेवू.

शनि., २७
गोळ्या कमी केल्या. काही आठवणी कदाचित कधीच येणार नाहीत, डॉ. म्हणाले. हे रिक्षात, "मी हाय की आठवायला."

रवि., २८
पांढरी साडी काढून ठेवलीय. आज परत मीच. सकाळच्या सरावात दुसरं एकदाच, तिसरं नीट. चौथं आत्ता म्हणून पाहिलं, नाही आलं.
विमलताईंची हाक आली. जाते. मागं सगळे आहेत.