पट्टी भलत्याच जागी

तीर्थरूप आत्यास,

एका हाताने केलेला नमस्कार गोड मानून घे. दुसरा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे आणि तो तिथे कसा गेला, तेच सांगायला हे पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा म्हणत होते की निवृत्त झाल्यापासून तू खिडकीशी बसून असतेस आणि कुणी दुखण्याखुपण्याचा विषय काढला की उठून आत जातेस. (जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून दुसऱ्यांची दुखणी ऐकल्यावर माणसाला एवढी सूट मिळायलाच हवी.) या पत्रात दुखण्याशिवाय दुसरं फारसं काही नाही. वाटल्यास मध्ये उठून चहा घे, पण पुन्हा येऊन बस.

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला वस्तीतल्या एखाद्या उपक्रमात काम करावं लागतं. मित्रांनी वाचनालय, बाग, मैदान असं आपापसांत वाटून घेतलं. मी उशिरा पोचलो, म्हणून युवा केंद्रातला प्रथमोपचाराचा वर्ग माझ्या वाट्याला आला. केंद्र म्हणजे एका गॅरेजच्या वरचा लांबट हॉल. एका टोकाला लाकडी स्टेज, दुसऱ्या टोकाला घडीच्या खुर्च्या, मध्ये एक निळी गादी. शिकवणारे सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात. मी कॉलेजात शिकणारा, तेव्हा मुलांना चार गोष्टी समजावून सांगीन अशी माझी समजूत होती. सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि न हलता किती वेळ पडून राहता येतं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. (आईला विचार, या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.) त्या दिवसापासून मी वर्गाचा कायमचा रुग्ण झालो.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. भाजलेल्या माणसाचं विव्हळणं वेगळं, हाड मोडलेल्याचं वेगळं, आणि बुडता बुडता वाचलेल्याने तर आधी खोकायचं असतं. मी घरी आरशासमोर सराव केला. (शेजारच्या काकूंनी आईकडे चौकशी केली, की मुलगा औषध वेळेवर घेतो ना.) मुलांना माझं मोडलेलं हाड सगळ्यात जास्त आवडायचं. ते पुन्हा कर म्हणून मागणी यायची. मलाही अभिमान वाटू लागला होता, खोटं कशाला बोलू.

वर्गात एक मुलगी आहे, नववीतली. तिने बांधलेली पट्टी कुणाला सुटत नाही, कात्रीनेच कापावी लागते, म्हणून तिचं नाव पडलं पक्की. फार बोलत नाही. वर्ग संपला की इतर मुलं जिन्यावर रेंगाळतात, ही मात्र धावत घरी जाते. घरी आजी अंथरुणाला खिळलेली आहे, आई-वडील दोघं कामावर, आणि शेजारीण दोन तासांहून जास्त थांबत नाही. ते दोन तास ती आमच्याकडे घालवते. तिच्या वयात मी मोकळ्या वेळात काय करत होतो, ते तुला माहीत आहे.

गेल्या रविवारी पालकांसमोर प्रात्यक्षिक होतं. केंद्राचे अध्यक्ष पहिल्या रांगेत मांडीवर भाषणाचे कागद घेऊन बसलेले. ठरलं होतं असं: मी स्टेजच्या पायरीवरून घसरल्याचं नाटक करायचं, डोक्याला मार लागल्यासारखं पडून राहायचं, आणि मुलांनी डोक्याला पट्टी बांधून मला स्ट्रेचरवरून न्यायचं. पट्टी बांधायला मोठी मुलं पुढे होती. पक्कीकडे फक्त कात्री धरायचं काम. आणि कुणीतरी पाहुण्यांसाठी म्हणून त्या पायऱ्या सकाळीच घासूनपुसून लख्ख करून ठेवल्या होत्या.

आत्या, नाटक करायची वेळच आली नाही. पाय सरकला, उजवा हात अंगाखाली आला आणि कट्‌ असा एक आवाज झाला, तो बहुधा मलाच ऐकू आला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडातून शब्द फुटेना. आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या आजवरच्या पडण्यांत हे पडणं सगळ्यात उत्तम झालं, असं नंतर दोन पालकांनी मला स्वतः सांगितलं. सर माइकवरून समजावत होते की रुग्ण कसा शांत आहे पाहा, आणि मुलं माझ्या धडधाकट डोक्याला अतिशय सुबक पट्टी बांधत होती. मग एकाने मला उचलायला म्हणून नेमकं तेच मनगट धरलं.

पक्कीने कात्री खाली ठेवली आणि त्याचा हात बाजूला केला. सरांनी माइकवरून तिला जागेवर जायला सांगितलं. ती गेली नाही. ती म्हणाली, "सर, हे खोटं नाहीये. दादा रोज ओरडतो, आज ओरडत नाहीये. आजीला फार दुखलं ना, की ती अशीच गप्प होते."

पक्कीने इकडेतिकडे पाहिलं, अध्यक्षांच्या मांडीवरून भाषण उचललं, त्याची घडी करून माझ्या मनगटाखाली आधाराला घातली आणि वरून पट्टी बांधली. हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. (भाषण राहिलंच. त्याबद्दल पालकांनी तिचे आभार मानल्याचं कळतं.) दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात पाहिला, बांधलंय कुणी म्हणून विचारलं आणि एक्स-रे होईपर्यंत हे असंच राहू द्या म्हणाले. मग माझ्या डोक्याला काय झालंय, ते विचारलं.

परवा शिट्टीसर भेटायला आले. गळ्यात शिट्टी नव्हती. म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना आगीतून बाहेर काढलं, आणि माझ्या वर्गातला पोरगा समोर पडला तेव्हा मी माइक धरून उभा राहिलो." मी काहीतरी विनोद करून पाहिला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. समितीने वर्ग बंद केला आहे. सुरक्षितता शिकवणाऱ्या वर्गातच अपघात होतो, हे त्यांना बरं दिसत नाही. सरांनीही हट्ट धरला नाही.

इथेच थांबतो. उजवा हात जायबंदी असल्यामुळे हे पत्र पक्कीच लिहिते आहे. आजीजवळ थांबायला तिने शेजारणीला एका दुपारपुरतं तयार केलं. मी डोळे मिटून सांगतो, ती उतरवून घेते. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा भाचा,
सध्या बेकार असलेला रुग्ण

ता. क. खरं काम राहिलंच. समिती म्हणते, कुणी रीतसर शिकलेलं माणूस जबाबदारी घेईल तर वर्ग पुन्हा उघडू. आत्या, तू ये. आठवड्यातून एकदाच. पुन्हा कुणा रुग्णाच्या अंगाला हात लावणार नाही असं तू निवृत्त होताना म्हणाली होतीस, ते मला ठाऊक आहे. तू खुर्चीवर बसून नुसतं सांग. सर शेजारी उभे राहतील, मी त्यांना तयार करीन. रुग्णाची सोय आहेच.

ता. क. आत्या, मी पक्की. तुम्हाला आत्याच म्हणते. दादाने सांगितलं ते सगळं लिहिलं, फक्त माझं कौतुक दोन ठिकाणी गाळलं. दवाखान्यात तो रडला, ते त्याने सांगितलं नाही. तुम्ही आलात तर आधी वर्गात नका जाऊ, आधी आमच्या घरी या. आजीच्या पाठीवर जखम झाली आहे. मी रोज धुते आणि पट्टी बदलते, पण ती भरत नाही, मोठी होते आहे. सरांना विचारलं तर ते म्हणाले, हे प्रथमोपचारात येत नाही. आई घरी आल्यावर इतकी दमलेली असते की तिला अजून सांगितलेलं नाही. पत्ता पाकिटावर मागच्या बाजूला लिहिते आहे. दादाचे डोळे अजून मिटलेलेच आहेत, बहुतेक झोप लागली. पाकीट मीच चिकटवते.