उरलेल्या चार गोळ्या

भावजी,

उद्या तुमच्या तक्रारीची सुनावणी. पायात बसवलेल्या कृत्रिम रक्तनळीला जंतूंचा संसर्ग झाला, तो डॉक्टरीणबाईंनी वेळेत ओळखला नाही, म्हणून तुमचा भाऊ गेला, असं तुम्ही लिहिलंय. एक गोष्ट त्यात नाही, कारण ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

ऑपरेशनची जांघेतली जखम झरायला लागली, ताप चढला, तेव्हा माझ्या दाढदुखीच्या वेळच्या उरलेल्या चार अँटिबायोटिक गोळ्या मी त्यांना दिल्या. ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तपासणीसाठी रक्त घेताना बाईंनी विचारलं, "घरी काही औषध दिलंत का?" मी "नाही" म्हटलं. बोलणी बसतील, एवढीच भीती होती. रक्तात जंतू सापडले नाहीत, म्हणून बाईंनी नळी काढायचं लांबणीवर टाकलं. बाराव्या दिवशी नळीचा सांधा फुटला.

नंतर वाचनालयात बसून मी वाचलं. आधी अशा गोळ्या पोटात गेल्या, तर जंतू असूनही तपासणीत उगवत नाहीत.

ते हाडाचे शिंपी. जखमेचे टाके बघून म्हणाले होते, "हात काय आहे बाईचा! माझ्या दुकानात हवी होती." आणि तुम्ही लिहिलंय, टाके कच्चे होते.

हे पत्र पाठवलं, तर तुम्ही म्हणाल, "वहिनी, तुमचं मन थाऱ्यावर नाही, घरीच थांबा." म्हणून पाठवत नाही. उद्या तुमच्या शेजारीच बसेन, आणि तुमच्या आधी बोलायला मी उठेन.

तुमची,
वहिनी