चेहऱ्याचे सर्व हक्क

१० फेब्रुवारी १९८४, शुक्रवार
इथे आखातात, मनामाच्या सूकमध्ये म्हणजे बाजारात, नझीरच्या औषधांच्या दुकानावर माझा फोटो. दरवाजाएवढा. गेल्या महिन्यातल्या मॅचचा, बॉल सोडतानाचा. डोळे मिटलेले, दात आवळलेले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. बाजूला बाटली, खाली अरबी मजकूर. शक्तीचं टॉनिक असणार, दुसरं काय. अरबी वाचता येत नाही, पण खलास, यल्ला, मफी सगळं बोलता येतं, त्यामुळे माझा अंदाज चुकत नाही.

मला कोणी विचारलं? नाही. नोकरी करून जातो त्या संध्याकाळच्या कॉलेजचा एकमेव फास्ट बोलर मी, आणि माझ्या चेहऱ्यावर परका माणूस बाटल्या खपवतो. डोक्यात सणक गेली. आजपासून डायरी. कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

पोट जड. हॉटेलातला खुबूस, तो मैद्याचा रोट, सोडायचा.

११ फेब्रुवारी
नझीरला गाठलं. म्हटलं, चेहरा माझा आहे. तो म्हणाला, भाईसाब, टीमला टी-शर्ट मी दिले, बदल्यात कॉलेजने फोटो दिला, कॉलेजशी बोला. वर चहा मागवला. निषेध म्हणून अर्धाच प्यायलो. मग त्याला कायदा ऐकवला. रत्नागिरीला मी दीड महिना लॉ कॉलेजात होतो. लोकांना हे माहीत नसतं.

१३ फेब्रुवारी
कॅप्टन कॉर्नेलियसशी भांडण. वसईचा, हॉटेलात रिसेप्शनला आहे, प्रॅक्टिसलाही टाय लावून येतो. म्हणे कॉलेजचा नियम आहे: खेळाडूंचे फोटो कॉलेजचे, आणि फोटोबद्दल जो काही घेईल तो टीमबाहेर. म्हणजे घाम आमचा आणि चेहरा प्रिन्सिपॉलचा. वा रे न्याय.

वर मला विचारतो, शिवदास, खाली काय लिहिलंय ते कोणाकडून वाचून घेतलंस का. जळतो मेला. याचा फोटो पासपोर्टवरसुद्धा नाइलाजाने लावला असेल.

१६ फेब्रुवारी
दाजीला पोस्टर दाखवायला नेलं. दाजी माझ्याच खोलीत राहतो, कंपनीची व्हॅन चालवतो. बराच वेळ बघून म्हणाला, हा तू आहेस होय. मग म्हणे, नसत्या उठाठेवी कशाला, ओळखू येत नाहीस तेच बरं.

त्याक्षणी डोक्यात प्रकाश पडला. खरी चोरी फोटोची नाही, नावाची आहे. फोटोखाली नाव हवं. पूर्ण, गावासकट.

खुबूस उद्यापासून नक्की बंद. आज सकाळीही काही झालं नाही. टेन्शन.

२० फेब्रुवारी
लोक ओळखायला लागले. बसमध्ये दोन अरब पोरं माझ्याकडे बघून एकमेकांना ढोसत होती. न्हाव्याकडे एक म्हातारा उठून जवळ आला. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या पोटावर, आणि कळवळून इंशाल्ला म्हणाला. यांना खेळाडूची कदर आहे. आपल्या लोकांना कधी येणार?

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
रावजीकाका टेलर भेटले. त्यांच्या मालूसाठी माझा विचार चाललाय. मुलगी इथेच वाढलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. गणपतीत तिने माझ्या हातून प्रसाद घेतला आणि थँक यू म्हणाली, तेव्हापासून मला फार आवडते. हे इथे लिहायला हरकत नाही.

काका म्हणाले, होकार द्यायच्या आधी मुलगा नीट पारखून घेतो. मी म्हटलं, पोस्टर बघा. पुढच्या शनिवारी मालूलाही आणा. म्हणजे शनिवारच्या आत नाव छापून झालंच पाहिजे.

२७ फेब्रुवारी
जिंकलो. नझीरशी लेखी करार. मजकूर माझा, अक्षरही माझं. कलम एक: चेहरा शिवदासचा. कलम दोन: फोटोखाली पूर्ण नाव, गाव, कॉलेज, अरबीत. कलम तीन: हे पोस्टर व त्यावरील नाव कोणालाही, कधीही, कोणत्याही कारणाने काढता येणार नाही. मोबदला: खोकंभर टॉनिक.

नझीरने न वाचता सही ठोकली. म्हणाला, खऱ्या माणसाचं नाव असलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. घाबरला. कायद्याचं नाव काढलं की भले भले घाबरतात.

कॉर्नेलियसने टीममधून काढलं. काढू दे. शुक्रवारी फायनल आहे. गुरुवारी रडत येईल.

२ मार्च, शुक्रवार
आला नाही. सनद गावाच्या मैदानावर मॅच झाली. दाजीच्या व्हॅनमागे उभा राहून बघितली. जिंकले. पिचवरची मॅट नवीन होती, कोणीही जिंकलं असतं.

३ मार्च
रावजीकाका आणि मालू आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टरखाली उभा. मालू समोर आली आणि सरळ वाचायलाच लागली. शाळेत तिला अरबी होतं. हे मला आधी कोणी सांगायला नको?

वाचता वाचता ती थांबली. काकांनी विचारलं, काय लिहिलंय. तिने इंग्रजीत सांगितलं. त्यांना कळलं नाही. मग मराठीत सांगितलं. तिचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. अगदी स्वच्छ बोलते. कुंथून कुंथून दमलात? पोट साफ होत नाही? गुहागरचे शिवदास बाळकृष्ण आरेकर, आमच्या कॉलेजचं नाव, हेही असेच त्रासले होते. एक चमचा घ्या, सकाळी मोकळे व्हा.

काका माझ्याजवळ सरकले. मग आवाज खाली आणून विचारलं, हे घराण्यात आहे का.

मालूने माझ्याकडे बघितलं नाही. हसली असती तरी चाललं असतं.

ते गेल्यावर नझीरच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरव. त्याने गल्ल्याखालून करार काढला आणि कलम तीनवर बोट ठेवलं. चहा मागवला. पूर्ण प्यायलो.

५ मार्च
रावजीकाकांचा निरोप: मुलीचं इतक्यात करायचं नाही. कामावर तोंडाला रुमाल बांधून गेलो. सगळे हलकट आहेत. कॉर्नेलियस, नझीर, प्रिन्सिपॉल, न्हाव्याकडचा तो म्हातारासुद्धा. जेवण नाही, झोप नाही, पोटाचा दगड झालाय. दाजीने टॉनिकचं खोकं फोडलं आणि एक चमचा पुढे केला. घेतला.

६ मार्च, सकाळ
औषध चांगलं आहे.